लोकलची वेळ आणि पिल्लाची वेळ

आसनगावहून सीएसएमटीला पोचायला लोकलने दोन तासांच्या आसपास लागतात. त्यात स्टेशनपर्यंतची रिक्षा, नोकरीचे आठ-नऊ तास आणि परतीचा प्रवास धरला, तर माणूस बारा-तेरा तास घराबाहेर असतो. दोन महिन्यांचं पिल्लू मात्र जागेपणी लघवी जेमतेम दोन-तीन तास रोखतं. सकाळी पिल्लाला पिंजऱ्यात घालून कडी लावायची आणि दिवेलागणीला उघडायची, हा बेत म्हणूनच मुळात चुकीचा आहे.

अंदाज बांधायला सोपा हिशेब असा: पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवावा. तेवढे तास ही कमाल झाली, रोजची सवय नव्हे. रात्री गाढ झोपेत ते थोडं जास्त तग धरतं.

कुत्रा झोपायच्या जागी सहसा घाण करत नाही. पिंजऱ्याची सगळी शिकवण या एका स्वभावावर उभी आहे. नाइलाजाने त्याला तिथेच लघवी करावी लागली आणि हे रोज घडू लागलं, की ती शिसारी मरते आणि मग शिकवणं फार जड जातं. पिंजरा उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता येईल एवढाच असावा. फार मोठा घेतला तर पिल्लू एका कोपऱ्यात झोपतं, दुसऱ्यात मुततं! सुरुवातीला दार उघडंच ठेवून जेवण आत द्यावं. मग पाच-दहा मिनिटं दार लावून जवळ बसावं आणि वेळ हळूहळू वाढवावी. शिक्षा म्हणून कधीच आत कोंडू नये. आत सोडताना गळ्यातला पट्टा काढावा. तो जाळीत अडकून फास बसू शकतो.

मुरबाड एमआयडीसीत पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांची अडचण वेगळी. पाळी बदलली की घराचं घड्याळ बदलतं, आणि बरोबर पिल्लाच्या जेवणाची वेळही. तसं होऊ देऊ नये. खाल्ल्यानंतर थोड्याच वेळात, झोपून उठल्यावर आणि खेळ संपल्यावर पिल्लाला बाहेर न्यावं लागतं. जेवण ठरलेल्या वेळी असेल तर पुढचं सगळं आपोआप वेळेवर येतं. दिवसा पडवीचा कोपरा जाळीने अडवून तिथे पाणी, उघडा पिंजरा आणि लांबच्या टोकाला मातीचं घमेलं ठेवावं. दुपारी आजी किंवा शेजारीण एकदा तरी डोकावली पाहिजे, पिल्लू अगदी लहान असेल तर दोन-तीनदा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली पिंजरा नकोच. पिल्लू जोरात धापा टाकतंय, लाळ गाळतंय असं दिसलं तर अंगावर साधं पाणी ओतावं, वारा घालावा आणि तडक दवाखाना गाठावा.

तानसा अभयारण्याच्या परिसरात रात्रीसाठी पिंजऱ्याला आणखी एक कारण आहे: बिबट्या. डोंगरापलीकडच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा तपासली, तेव्हा भक्ष्याच्या वजनात 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. अंगणात साखळीला बांधलेल्या पिल्लाला पळताही येत नाही. ओट्यावरचा तारेचा पिंजराही पुरेसा नाही. तो घरात, बंद दाराआड हवा.

स्वीडनमध्ये कुत्र्याला दिवसा निदान दर सहा तासांनी बाहेर काढण्याचा नियम आहे, पिल्लांना त्याहून लवकर. आपल्याकडेही कुत्र्याला कायम बांधून वा कोंडून ठेवणं आणि फिरवायला न नेणं, हे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने क्रूरता ठरतं.

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू आईपासून तोडून आणू नये. आणल्यावर जंताचं औषध आणि पार्व्हो-डिस्टेंपरच्या लसी वेळेवर द्याव्यात, तीन महिन्यांनंतर रेबीजची. पिल्लू खेळता खेळता चावलं तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं.

दुपारी घरी येणारं कुणीच नसेल, तर पिल्लाचा हट्ट सोडून दीड-दोन वर्षांचा, लसी झालेला गावठी कुत्रा आणणं जास्त शहाणपणाचं. त्यालाही अर्ध्या दिवसात एकदा सोडणारं माणूस मात्र आधी ठरवून ठेवावं.