मोठ्या माणसांना वाढीचे संप्रेरक : सुई सुरू झाल्यावर काय तपासावे?

उंची वाढण्याचे वय संपल्यावर वाढीच्या संप्रेरकाचे काम काय, असा प्रश्न एका शिक्षक वाचकांनी विचारला आहे. प्रश्न रास्त आहे. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी असते. तिचे हे संप्रेरक मोठेपणीही स्नायूंची ताकद, हाडांचा टणकपणा व पोटावरची चरबी सांभाळते. ते आटले की माणूस लवकर दमतो, पोट सुटते, कशातच मन लागत नाही.

ग्रंथी बिघडते ती बहुधा गाठीमुळे किंवा गाठीवरील शस्त्रक्रिया व किरणोपचारांमुळे. आपल्याकडे आणखी एक कारण विसरू नये. बाळंतपणात अतोनात रक्त गेले तर ही ग्रंथी सुकते. इंग्लंडचे डॉ. हॅरॉल्ड शीहान यांनी १९३७ साली याचे वर्णन केले. बाईला अंगावर दूध येत नाही, पाळी परतत नाही, थंडी सोसत नाही, काखेतले केस जातात. आणि घरचे 'बाळंतपणाचा अशक्तपणा' म्हणून वर्षानुवर्षे टॉनिक पाजत राहतात. घोणस चावलेल्या काही रुग्णांतही पुढे ही ग्रंथी निकामी होते.

उपचारात क्रम फार महत्त्वाचा. आधी कॉर्टिसॉलची उणीव स्टिरॉइडच्या गोळीने भरून काढायची, मग थायरॉइडची गोळी, आणि वाढीचे संप्रेरक सर्वांत शेवटी. स्टिरॉइडआधी थायरॉइडची गोळी दिली तर रुग्ण एकाएकी कोसळू शकतो. माझे स्पष्ट मत असे, की पैसा बेताचा असेल तर या पहिल्या दोन स्वस्त गोळ्या कधीही चुकवू नयेत. जीव त्यांवर आहे. वाढीच्या संप्रेरकाची सुई महाग असते, तिच्यासाठी शेत गहाण टाकण्याचे कारण नाही. ताप आला तर स्टिरॉइडची मात्रा डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दुप्पट करावी. उलट्यांमुळे गोळी पोटात ठरत नसेल तर इंजेक्शनसाठी तात्काळ दवाखाना गाठावा. उपवासाच्या दिवशीही गोळी घ्यायचीच.

सुई रोज रात्री, कातडीखाली घेतात. आरंभ ०.२ ते ०.३ मिलिग्रॅमने, साठीपुढे त्याहून कमी. मग दर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून मात्रा हळूहळू बदलतात. खुद्द हे संप्रेरक रक्तात मोजून उपयोग नाही, कारण ते दिवसभर लाटांसारखे चढते-उतरते. म्हणून त्याच्या प्रभावाने मुख्यतः यकृतात तयार होणारे 'आयजीएफ-१' मोजतात व ते वयाला साजेशा मर्यादेत ठेवतात. कुपोषण किंवा यकृताचा आजार असला तर तेही कमी दिसते. पोटातून इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना मात्रा जास्त लागते. मात्रा स्थिरावली की सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तपासणी पुरते.

पाय सुजणे, अंगठी घट्ट होणे, सांधे दुखणे, रात्री हाताला मुंग्या येणे ही मात्रा जास्त झाल्याची लक्षणे होत. मात्रा उतरवली की ती बहुधा ओसरतात. हे संप्रेरक इन्सुलिनच्या विरुद्ध काम करते, म्हणून साखर व तीन महिन्यांची सरासरी, तसेच कोलेस्टेरॉल, वजन व कमरेचा घेर पाहावा. सुई सुरू झाल्यावर थायरॉइड व कॉर्टिसॉलची छुपी उणीव उघडी पडते, तेव्हा त्याही मात्रा पुन्हा तपासाव्या लागतात. येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो : ग्रंथीच बिघडलेली असताना नुसता 'टीएसएच' पाहून थायरॉइड ठीक आहे म्हणणे फसवे आहे, 'फ्री टी-फोर' पाहिले पाहिजे. गाठीचा इतिहास असल्यास एमआरआय, आणि दोन-तीन वर्षांनी हाडांची घनता. कर्करोग चालू असलेल्यांना हे औषध देत नाहीत. तालमीतल्या पोरांनी दंड फुगवण्यासाठी तर याच्या वाटेला जाऊच नये.

नऊ-दहा महिन्यांत उत्साह व ताकद यांत काहीच फरक न पडल्यास तज्ज्ञांशी बोलून सुई बंद करणेच शहाणपणाचे.

औषध २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवावे; बर्फाच्या कप्प्यात गोठलेले टाकून द्यावे. नांदेडहून उन्हाळ्यात हिमायतनगरला आणताना बर्फाच्या डब्यात, पण कुपीला बर्फ लागणार नाही असे फडक्यात गुंडाळून आणावे.