स्क्रीनशॉट सी ड्राइव्हवर ठेवू नका, जागा बदलून घ्या



१ जून ते ३१ जुलै, मासेमारी बंदीचे ६१ दिवस. होड्या वर ओढलेल्या असतात आणि आपण कागदपत्रांच्या मागे असतो. परवाना, विमा, डिझेलच्या परताव्याचे अर्ज, बहुतेक सगळं आता ऑनलाईन. अर्ज भरला की पडद्यावर अर्ज क्रमांक येतो. त्याचा स्क्रीनशॉट काढला की झालं काम, असं आपण समजतो. मीही तसंच समजायचो.

मागच्या पावसाळ्यात ऑफिसचा कॉम्प्युटर चालूच होईना. दुरुस्तीवाल्याने विचारलं, "सी ड्राइव्हवर काय ठेवलंय का? सगळं पुसलं जाणार." मी म्हटलं, काही नाही, आमचे हिशेब डी वर आहेत. हिशेब वाचले, पण सभासदांच्या अर्जांचे सगळे स्क्रीनशॉट गेले. ते सी वर जमा होतात हेच मला ठाऊक नव्हतं. नंतर एका काकांचा अर्ज क्रमांक मिळवायला त्यांना तीन खेपा माराव्या लागल्या. चूक माझी होती. तुमची होऊ नये म्हणून हे लिहितोय.

आधी समजून घ्या

विंडोजची कळ आणि प्रिंट स्क्रीन ही कळ एकत्र दाबली की पडदा क्षणभर अंधुक होतो आणि चित्र 'पिक्चर्स' मधल्या 'स्क्रीनशॉट्स' या फोल्डरमध्ये जातं. काही लॅपटॉपवर सोबत एफएन कळही दाबावी लागते. हा फोल्डर मुळात सी ड्राइव्हवर असतो. विंडोज नव्याने टाकताना सहसा सी ड्राइव्हच पुसला जातो.

जुन्या विंडोजवर नुसती प्रिंट स्क्रीन कळ दाबली तर फाईल तयारच होत नाही. चित्र फक्त तात्पुरतं कॉपी होतं, ते कुठेतरी पेस्ट करून सेव्ह करावं लागतं. बरेच जण इथेच फसतात.

जागा कशी बदलायची

१. डी ड्राइव्ह उघडा आणि एक नवा फोल्डर करा. नाव द्या 'अर्जांचे स्क्रीनशॉट'.

२. आता 'पिक्चर्स' उघडा. 'स्क्रीनशॉट्स' फोल्डर दिसत नसेल तर वरच्या दोन कळा दाबून एक स्क्रीनशॉट काढा, फोल्डर आपोआप तयार होतो.

३. त्या फोल्डरवर माऊसचं उजवं बटण दाबा आणि 'प्रॉपर्टीज' निवडा.

४. वर 'लोकेशन' असं लिहिलेलं दिसेल, तिथे जा. 'मूव्ह' दाबा आणि डी वरचा आपला नवा फोल्डर निवडा.

५. 'अप्लाय' दाबा. जुन्या फायली नव्या जागी हलवायच्या का, असं विचारेल. 'येस' म्हणा.

६. एक स्क्रीनशॉट काढून बघा. डी वर दिसला म्हणजे काम झालं.

पुन्हा पहिल्यासारखं करायचं असेल तर 'लोकेशन' मध्येच 'रिस्टोअर डिफॉल्ट' आहे.

सांभाळायच्या गोष्टी

पहिली पायरी गाळू नका. नवा फोल्डर न करता थेट डी ड्राइव्हच निवडला तर अख्खा डी 'स्क्रीनशॉट्स' फोल्डर होऊन बसतो आणि ते निस्तरणं कटकटीचं असतं.

पेन ड्राइव्हची जागा देऊ नका. तो काढला की कॉम्प्युटरला फोल्डर सापडत नाही.

'पिक्चर्स' फोल्डर वनड्राइव्हला जोडलेला असेल, तर जागा बदलल्यावर नवे स्क्रीनशॉट तिथे जाणं बंद होईल. तुम्ही वनड्राइव्हवर अवलंबून असाल तर आधी विचार करा.

डी ड्राइव्ह म्हणजे तिजोरी नव्हे. बऱ्याच कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्कच खराब झाली तर दोन्ही जातात. म्हणून दर शनिवारी त्या फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. ज्यांच्याकडे डी ड्राइव्हच नाही, त्यांनी तर हे चुकवूच नये.

फाईलला लगेच नाव द्या. 'स्क्रीनशॉट ४७' वरून वर्षभराने काय कळणार? होडीचं नाव, कामाचं नाव आणि तारीख घाला.

आणि शेवटचं. पावती डाउनलोड करायची सोय असेल तर ती आधी घ्या, स्क्रीनशॉट हा जोडीला. अर्ज क्रमांक वहीतही लिहा. आधार किंवा बँकेची माहिती दिसणारा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू नका, आणि सायबर कॅफेत काढला असेल तर काम झाल्यावर तिथून पुसा.

जमलं नाही तर लॅपटॉप घेऊन संध्याकाळी ऑफिसात या, पाच मिनिटांचं काम आहे. घरात अर्ज भरणारी मुलं-मुली असतील तर त्यांनाही हे वाचायला द्या.

आपला,
सेक्रेटरी