धावक मंडळाचे नियम : कोणासाठी व कशासाठी?



उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तिन्ही शहरांत पहाटे धावावयास निघणाऱ्या स्त्रीपुरुषांचे लहानमोठे जथे आता नित्याचे झाले आहेत. लोकलच्या गर्दीत दिवस घालविणारी ही माणसे उजाडण्यापूर्वी घराबाहेर पडतात, एकत्र धावतात व आपल्या समूहास ‘रनिंग क्लब’ म्हणतात. २००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉननंतर ही आवड बरीच वाढली. शहरालगतची आपली गावेही तीपासून अलिप्त राहिलेली नाहीत. बारवी धरणाच्या वा कोंडेश्वरच्या वाटेने धावणारी मंडळी पाहून आपली मुले त्यांच्यामागे धावू लागतात, आणि एखादे दिवशी शाळेत येऊन म्हणतात, “गुरुजी, आपणही मंडळ काढू या.”

ही मागणी स्वागतार्ह आहे. धावण्यास क्रीडांगण लागत नाही, साहित्य लागत नाही, वर्गणीही लागत नाही. परंतु पंचवीस मुले व दहा ग्रामस्थ एका रस्त्याने निघाली की तेथे समाज निर्माण होतो, आणि समाजास नियम हवेत. ते कोणते असावेत व विद्यार्थ्यांकडून ते कसे घडवून घ्यावेत, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

१. नियमांचे मोजमाप

प्रथम माझी स्वतःची एक चूक सांगतो. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत मी तेवीस मुलांना गावाबाहेरच्या देवळापर्यंत धावावयास नेले. हातात घड्याळ घेऊन मी सर्वांत पुढच्या मुलांबरोबर धावत होतो. परत येताच पहिल्या तिघांची नावे फळ्यावर लिहिली, टाळ्या झाल्या आणि वर्ग सुरू झाला. अर्ध्या तासाने पाचवीतल्या एका मुलीची आजी तिला कडेवर घेऊन शाळेच्या दारात उभी राहिली. मुलीचा पाय मुरगळला होता व ती वळणावरच्या मोरीवर एकटीच बसून होती. आजी गवताचा भारा घेऊन त्या वाटेने आली नसती, तर ती किती वेळ तशीच बसली असती कोण जाणे. म्हातारी रागावली नाही. एवढेच म्हणाली, “गुरुजी, नेताना पोरं मोजलीत, आणताना का नाय मोजली?”

पहिल्या मुलाची वेळ माझ्याजवळ सेकंदापर्यंत होती, आणि शेवटची मुलगी कोठे आहे याचा मला पत्ता नव्हता. त्या दिवसापासून कोणत्याही मंडळाचा नियम मी एकाच मापाने मोजतो : त्या नियमाने सर्वांत मागे राहिलेल्याची स्थिती काय होते? जोराने धावणाऱ्यास नियमांची फारशी गरज नसते. नियम असतात ते मागे पडलेल्यासाठी, लहानासाठी व ज्याचा आवाज ऐकू जात नाही त्याच्यासाठी. पुढील सर्व नियम या एका सूत्रातून निघाले आहेत.

म्हणून पहिला नियम असा : निघताना मोजणी, परतताना मोजणी, व शेवटचा धावक पोहोचेपर्यंत सराव संपला असे समजावयाचे नाही. दररोज एका जाणत्या व्यक्तीने पिछाडी सांभाळावी व कोणत्याही कारणाने कोणाच्याही पुढे जाऊ नये. हे काम आळीपाळीने सर्वांकडे यावे. उत्तम धावणाऱ्यानेही ते करावे, म्हणजे त्यात कमीपणा नाही हे मुलांना आपोआप कळते.

२. रस्त्यावरील वर्तन

आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात. म्हणून जेथे पदपथ नाही तेथे रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल अशा रीतीने धावावे. आंधळ्या वळणावर, जेथे त्या कडेस उभे राहावयासही जागा नसते, तेथे शिक्षकाने थांबवून वाट मोकळी असल्याची खात्री करावी. अरुंद रस्त्यावर एकामागे एक धावावे. गप्पांसाठी तिघातिघांनी रांग धरून रस्ता अडवू नये. औद्योगिक वसाहतींकडे जाणाऱ्या रस्त्यांवर अवजड वाहनांची ये-जा असते, हे विशेष ध्यानी ठेवावे. अंधुक उजेडात फिकट रंगाचे कपडे घालावेत. कानात गाणी लावून धावू नये, कारण मागून येणारे वाहन अनेकदा प्रथम कानानेच कळते.

कल्याण-कर्जत लोहमार्ग आपल्या तिन्ही शहरांतून व पुढे वांगणीकडे जातो. रुळांच्या कडेची पायवाट सपाट असल्याने मुलांना तिचा मोह पडतो. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्यान्वये गुन्हा आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते प्राणावर बेतते. या नियमास अपवाद करू नये.

गावातून धावताना झोपलेल्यांची, अंगणात सडा घालणाऱ्यांची व गुरे नेणाऱ्यांची आठवण ठेवावी. आरडाओरडा करू नये. वाट शेताच्या बांधावरून जात असेल तर मालकास आधी विचारावे. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या व वेष्टने परत आणावीत. उल्हास नदीच्या काठी धावून तिथेच कचरा टाकणाऱ्यास नदीविषयी भाषण करण्याचा अधिकार उरत नाही. ढगांचा गडगडाट ऐकू येताच सराव थांबवून पक्क्या इमारतीत जावे. झाडाखाली आसरा घेऊ नये. उन्हाळ्यात ऊन चढण्यापूर्वी परतावे. चक्कर, मळमळ किंवा असंबद्ध बोलणे दिसल्यास त्या मुलास तत्काळ सावलीत घेऊन अंग पाण्याने थंड करावे व वैद्यकीय मदत मिळवावी.

३. परस्परांशी वर्तन

सरावाचा वेग असा असावा की धावता धावता बोलता यावे. ज्यास बोलता येत नाही त्याने वेग कमी करावा, व त्यावरून त्यास कोणी हिणवू नये. “ढकलगाडी”, “म्हातारा” अशी नावे ठेवणे हे वरवर विनोदाचे वाटते. परंतु त्यामुळे जे मूल दुसऱ्या दिवशी येत नाही, ते बहुधा धावण्याची सर्वांत अधिक गरज असलेले मूल असते.

पायांत बूट नाहीत म्हणून कोणास परत पाठवू नये. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी गावच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले. त्यांच्या धावण्याचा आरंभ अनवाणी पायांनीच झाला होता. अनवाणी मुलांसाठी काचा-खडे नसलेली मातीची वाट निवडणे हे मंडळाचे कर्तव्य होय. मुलींनी एखाद्या दिवशी धावावयाचे नाही असे सांगितल्यास कारण विचारू नये.

येथे शिक्षकांसाठी एक सूचना. उशिरा आलेल्या वा गृहपाठ न केलेल्या मुलास मैदानाला फेऱ्या मारावयास लावण्याची चाल अद्याप काही ठिकाणी आढळते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. कायद्याची गोष्ट बाजूस ठेवली तरी, जे सकाळी आनंद म्हणून शिकवावयाचे तेच दुपारी दंड म्हणून द्यावयाचे, यात मुलाने काय समजावे?

४. प्रामाणिकपणा

धावण्याच्या वाटेवर प्रत्येक वळणावर पंच उभा नसतो. १९८० साली अमेरिकेतील बोस्टन मॅरेथॉनमध्ये रोझी रुईझ या स्त्रीला स्त्रियांत प्रथम म्हणून गौरविण्यात आले. वाटेवरच्या कोणालाही ती धावताना दिसली नव्हती; ती शेवटच्या टप्प्यात गर्दीतून शर्यतीत शिरली असल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. आठ दिवसांत तिचे विजेतेपद काढून घेण्यात आले व ते कॅनडाच्या जॅकलिन गॅरो यांना देण्यात आले. परंतु अंतिम रेषेवरचा जयघोष गॅरो यांना त्या दिवशी मिळाला नाही तो नाहीच. लबाडीने नियम मोडला जातो एवढेच नव्हे, तर कोणाचा तरी क्षण हिरावला जातो, हे मुलांस या उदाहरणावरून सांगावे.

दुसरे उदाहरण स्पेनमधील. डिसेंबर २०१२ मध्ये एका क्रॉसकंट्री शर्यतीत केनियाचे आबेल मुताई आघाडीवर होते. शर्यत संपली अशा समजुतीने ते अंतिम रेषेच्या काही मीटर अलीकडेच थांबले. मागून आलेले इव्हान फर्नांडेझ त्यांस ओलांडून सहज जिंकू शकले असते, व ते नियमास धरूनही झाले असते. त्यांनी खुणा करून मुताई यांना पुढे जावयास लावले व स्वतः दुसरे आले. नियम जेथे संपतो तेथून शील सुरू होते, हे या प्रसंगावरून मुलांस कळेल.

५. मोठ्यांचे मुलांशी वर्तन

ज्या मंडळात गावातील प्रौढ व शाळेतील मुले एकत्र धावतात, तेथे हा विभाग सर्वांत महत्त्वाचा मानावा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात एका शाळेतील लहान मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले व २० ऑगस्ट रोजी संतप्त नागरिकांनी लोहमार्ग रोखून धरला. त्या दिवसाची आठवण आपल्या परिसरातील प्रत्येक आईबापाच्या मनात आहे. आपल्या स्वाधीन मूल करताना ते काय विचार करीत असतील, हे आपण ओळखले पाहिजे.

यास्तव पुढील नियम लेखी असावेत. पालकांच्या संमतीवाचून मूल सरावास घेऊ नये. मुलांसोबत किमान दोन प्रौढ असावेत, व मुली असतील तर त्यांपैकी एक स्त्री असावी. कोणत्याही प्रौढाने एकट्या मुलास आडवाटेने नेऊ नये, वाहनावर बसवून घरी सोडू नये, किंवा पालकांच्या नकळत भ्रमणध्वनीवर संदेश पाठवू नयेत. पाय चोळून देणे, अंग ताणून दाखविणे ही कामे स्पर्श न करता, कृतीने करून दाखवून शिकविता येतात. मुलांची छायाचित्रे पालकांना विचारल्यावाचून प्रसृत करू नयेत. हे नियम सज्जनांवर अविश्वास दाखविण्यासाठी नाहीत. सज्जन माणूस ते आनंदाने पाळतो. ज्यास ते जाचतात, त्याच्याकडे अधिक लक्ष द्यावे.

६. तक्रार कशी ऐकावी

आषाढी वारीतील एक प्रथा येथे अनुकरणीय आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात मुक्कामी पोहोचल्यावर समाज आरती होते. चोपदार दंड उंच करतो व हजारो टाळ एकदम शांत होतात. परंतु ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती आपले टाळ वाजवीतच राहते. त्या आवाजाच्या रोखाने चोपदार तिच्याकडे जातो व तिचे म्हणणे ऐकून घेतो. शिस्त एवढी मोठी असूनही तक्रार करणाऱ्यास तिने वाट ठेवली आहे. तक्रारीचा आवाज म्हणजे शिस्तभंग, असे तेथे मानीत नाहीत.

आपल्या मंडळातही असा टाळ हवा. सराव संपल्यावर सर्वांनी गोलाकार बसावे व “आज कोणास काही सांगावयाचे आहे काय?” असे रोज विचारावे. सर्वांसमक्ष सांगता येत नाही अशा गोष्टींसाठी शाळेची तक्रारपेटी व सखी सावित्री समिती यांची माहिती मुलांस द्यावी, आणि १०९८ हा बालमदतीचा क्रमांक पाठ करून घ्यावा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास वा तशी शंका आल्यास पोलिसांना कळविणे २०१२ च्या पॉक्सो कायद्यान्वये बंधनकारक आहे. मंडळाचे वा शाळेचे नाव जाईल म्हणून प्रकरण आपसात मिटविणे हा अपराध होय.

किरकोळ नियमभंगाबाबत प्रथम एकांतात समज द्यावी, नंतर सर्वांसमक्ष चूक मान्य करून घ्यावी, व तरीही सुधारणा न झाल्यास काही दिवस सरावापासून दूर ठेवावे. सरपंचाचा मुलगा व वीटभट्टीवरील मजुराचा मुलगा यांस एकच क्रम लागू असावा. मुलांच्या सुरक्षिततेचा नियम मोडणाऱ्या प्रौढास मात्र दुसरी संधी नाही.

७. पाठाची मांडणी

हे नियम शिक्षकाने फळ्यावर लिहून देऊ नयेत. इयत्ता पाचवी ते सातवीच्या वर्गात दोन तासिकांत ते मुलांकडूनच काढून घ्यावेत. पहिल्या तासिकेस मुलांस मैदानात कोणतीही सूचना न देता दोन फेऱ्या धावू द्यावे. कोण ढकलले गेले, कोण मागे राहिले, कोण मध्येच आडवे घुसले, हे त्यांनाच सांगू द्यावे. दुसऱ्या तासिकेस प्रत्येक गटाने एकेक अडचण घेऊन तीवर एका वाक्याचा नियम करावा. नंतर वर्गासमोर प्रत्येक नियम वाचून एकच प्रश्न विचारावा : “यामुळे सर्वांत मागच्याचे काय होईल?” ज्या नियमास याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही तो बदलावा. अंतिम नियम दहांहून अधिक नसावेत. ते सुवाच्य अक्षरांत लिहून, सर्वांच्या सह्या घेऊन, शाळेच्या व्हरांड्यात लावावेत. शिक्षकानेही त्यावर सही करावी.

आपल्या शाळेत तयार झालेल्या नियमांची एक प्रत पुढील शिक्षण परिषदेस अवश्य आणावी, म्हणजे एकमेकांचे पाहून त्यांत भर घालता येईल. आणि उद्या सकाळी मुलांना घेऊन निघाल तेव्हा घड्याळ एखाद्या मोठ्या मुलाच्या हाती द्यावे व आपण स्वतः सर्वांत मागे राहावे. परत आल्यावर मुले मोजावीत.