वाचकांचे प्रश्न : नवऱ्याने सही केली नाही तर ग्रीनकार्ड जातं का?

प्रश्न : मी मोहर्लीची (ता. भद्रावती, जि. चंद्रपूर). बाबा ताडोबात जिप्सी चालवतात. मे 2023 मध्ये चंद्रपूरला माझं लग्न झालं. मुलगा मूळचा चंद्रपूरचाच, आता अमेरिकेचा नागरिक, न्यू जर्सीत नोकरीला. 14 ऑगस्ट 2024 ला मी तिकडे गेले. दोन वर्षांचं ग्रीनकार्ड मिळालं, त्यावर 14 ऑगस्ट 2026 ही तारीख आहे. त्याने हात कधी उचलला नाही, पण एकटीला घराबाहेर जाऊ दिलं नाही, हाती पैसा दिला नाही. आईशी बोलताना फोन स्पीकरवर ठेवायला लावायचा. भावाच्या लग्नासाठी 20 डिसेंबर 2025 ला मी माहेरी आले. निघताना तो म्हणाला, 'कार्ड घरीच राहू दे, प्रवासात हरवेल.' जानेवारीत त्याने माझं परतीचं तिकीट रद्द केलं. आता व्हॉट्सअ‍ॅपवर घटस्फोटाचे कागद पाठवलेत. म्हणतो, 'सही करून पाठव. माझ्या सहीशिवाय तुझं कार्ड पक्कं होत नाही, आणि मी एक पत्र टाकलं की रद्दच होईल.' हे खरं आहे का? गावातले लोक विचारतात, परत कधी जाणार. त्यांना काय सांगू?

उत्तर : ताई, त्याचं बोलणं खोटं आहे. नवऱ्याच्या पत्राने ग्रीनकार्ड रद्द होत नाही. तो अधिकार अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचा आणि त्यापुढे इमिग्रेशन न्यायाधीशाचा आहे. कार्ड तुमच्या नावाचं आहे आणि त्यासाठी झगडण्याचा हक्कही तुमचा आहे. पण तारखा मात्र तुमच्या हातातून निसटू शकतात, म्हणून आधी त्याच बघू.

तुम्ही अमेरिकेत उतरलात तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली नव्हती, म्हणून तुमचं कार्ड सशर्त आहे. व्हिसासाठी खोटी लग्नं लावली जातात या संशयातून अमेरिकेने 1986 साली हा कायदा केला. कार्डाची मुदत संपण्याआधीच्या 90 दिवसांत नवरा-बायकोने मिळून 'आय-751' हा अर्ज करायचा आणि लग्न खरं होतं हे दाखवायचं, की शर्त उठते. तुमच्या बाबतीत हे 90 दिवस 16 मे 2026 ला सुरू होतात. या दोघांच्या सहीनेच नवऱ्यांच्या हाती बायकांची दोरी दिली. छळ सोसून राहा, नाहीतर परत जा, अशी कोंडी झाली. म्हणून 1990 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि मारहाण किंवा कमालीची क्रूरता सोसणाऱ्या बाईला एकटीच्या सहीने अर्ज करता येऊ लागला.

एकटीने अर्ज करायचे जे मार्ग आहेत, त्यांतले दोन तुमच्या कामाचे आहेत. पहिला : लग्न खऱ्या मनाने झालं होतं, पण घटस्फोटाने संपलं. यासाठी कोर्टाचा अंतिम हुकूमनामा लागतो, नुसतं वेगळं राहणं पुरत नाही. दुसरा : लग्न खरं होतं, पण नवऱ्याने क्रूर वागणूक दिली. यात हात उचललाच पाहिजे असं नाही. पैसा न देणं, कोंडून ठेवणं, फोनवर पहारा, कागदपत्रं दाबून ठेवणं, फसवून माहेरी सोडणं ही सगळी मानसिक छळाची बाजू म्हणून मांडता येते, आणि यासाठी घटस्फोट होण्याची वाट पाहावी लागत नाही. एकाच अर्जात दोन्ही कारणं देता येतात. एकटीच्या अर्जाला 90 दिवसांची चौकटही नाही, तो आजही करता येतो. माझं मत विचाराल तर 14 ऑगस्टची वाट पाहू नका.

'कार्ड घरीच राहू दे' हे तुमच्या पत्रातलं वाक्य मी दोनदा वाचलं. भारतात यायला पासपोर्ट पुरतो, अमेरिकेत परत शिरताना कार्ड लागतं. हे त्याला माहीत होतं. यावरही वाट आहे. कार्ड हाती नसेल आणि देशाबाहेर राहून वर्ष झालं नसेल, तर 'आय-131ए' अर्ज करून मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासातून विमानात बसण्यापुरता कागद मिळू शकतो. त्यात 'कार्ड हरवलं' असं लिहू नका. कोणी ठेवून घेतलं आणि केव्हा, ते खरं खरं लिहा. तिकीट रद्द झाल्याचा मेल आणि त्याचे मेसेज जोडा.

एक वर्ष म्हणजे 20 डिसेंबर 2026. त्याआधीची 18 जून ही तारीखही लक्षात ठेवा. त्या दिवशी तुम्हाला बाहेर राहून 180 दिवस होतात. त्यापुढे परतताना विमानतळावर नव्याने प्रवेश मागणाऱ्यासारखी चौकशी होऊ शकते. 'आय-751' भारतात बसून करता येतो, पण मुलाखतीला तिथे हजर राहावंच लागतं. आणि 'आय-407' नावाचा कागद कोणी पुढे केला तर त्यावर सही करू नका, मग तो नवरा असो, त्याचा वकील असो की विमानतळावरचा अधिकारी. ग्रीनकार्ड आपणहून सोडून दिल्याचा तो कबुलीजबाब असतो.

आता घटस्फोटाचे कागद. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पीडीएफ म्हणजे रीतसर बजावणी नव्हे. परदेशी कोर्टाचे कागद पोचवण्याचा करार भारताने मान्य केला आहे, पण टपालाने परस्पर बजावणी करायला त्यातच हरकत घेतली आहे. नवरा सही मागतो ती म्हणूनच. 'कागद मिळाले, मान्य आहेत' एवढं तुमच्याकडून लिहून घेतलं की त्याचं काम सोपं होतं. सही करू नका. पण कागद कपाटातही टाकू नका. न्यू जर्सीत रीतसर बजावणी झाल्यावर उत्तराला 35 दिवस मिळतात. ते चुकले की तुमच्या गैरहजेरीत निकाल लागू शकतो आणि पोटगीचंही तिथेच ठरून जातं.

असा एकतर्फी निकाल तिथे चालेल, इथे सहसा चालणार नाही. वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली सांगितलं की हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न परदेशी कोर्टाने मोडायचं तर कारण याच कायद्यातलं हवं, आणि बायकोने त्या कोर्टाचा अधिकार स्वखुशीने मानलेला हवा. 'आमचं पटत नाही' एवढ्यावर न्यू जर्सीत घटस्फोट मिळतो. आपल्या कायद्यात ते कारण नाही. म्हणजे तिकडे तुम्ही घटस्फोटित आणि चंद्रपुरात अजून विवाहित, अशी विचित्र अवस्था येऊ शकते. गंमत अशी, की ग्रीनकार्डाच्या अर्जासाठी तोच तिकडचा हुकूमनामा तुमच्या कामाचाही ठरू शकतो. म्हणून त्या खटल्यात उभं राहायचं की नाही, आणि राहायचं तर कितपत, हे न्यू जर्सीतला आणि चंद्रपूरचा असे दोन्ही वकील एकमेकांशी बोलूनच ठरवू देत.

नवऱ्याने तुम्हाला नेताना आणखी एका कागदावर सही केलेली आहे, 'आय-864'. अमेरिकेने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट उत्पन्नाइतका तुमचा निर्वाह चालवीन, अशी ती सरकारला दिलेली हमी आहे. घटस्फोटाने ती संपत नाही. तुम्ही नागरिक झालात, किंवा कामाची साधारण दहा वर्षं भरलीत, किंवा कार्ड सोडून कायमच्या भारतात आलात, तर संपते. ती मोडली तर तुम्ही स्वतः त्याच्यावर दावा लावू शकता. 'कार्ड सोड' यामागे हाही हिशेब असू शकतो.

इथे काय करता येईल? हिंदू विवाह कायद्याच्या कलम 19 मध्ये 2003 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून बायको जिथे राहते तिथल्या कोर्टात ती अर्ज करू शकते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याचंही तसंच आहे. छळामुळे माहेरी आलेल्या बाईला माहेरच्या ठाण्यात तक्रार देता येते, हे रूपाली देवी खटल्यात 2019 साली पक्कं झालं. मोहर्लीचा गेट पावसाळ्यात तीन महिने बंद असतो, तेव्हा जिप्सीवाल्याच्या घरी पैसा कुठून येणार, हे मला कळतं. पण महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील देण्याची तरतूद 1987 च्या कायद्यात आहे. चंद्रपूरच्या जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण गाठा, किंवा 15100 वर फोन करा. राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीय विवाहांसाठीचा कक्ष आहे, तिथेही तक्रार नोंदवा. न्यू जर्सीत 1985 पासून 'मानवी' ही संस्था दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करते. परतायचं ठरवलंत तर तिकीट काढण्याआधी त्यांच्याशी बोला.

जायचं की इथेच राहायचं, हे तुम्ही ठरवा. इथे राहिलात तरी पोटगीचा हक्क जात नाही. गावाला उत्तर देण्याची घाई नाही. लग्नपत्रिका, फोटो, तिथल्या संयुक्त कर-विवरणाची प्रत, घरभाड्याच्या करारावरचं तुमचं नाव, सगळे मेसेज, जे हाती लागेल ते या आठवड्यात एका फाईलमध्ये लावा. फोनमधलं दुसरीकडे उतरवून ठेवा. खात्याचा या लग्नावर विश्वास बसेल तो याच कागदांमुळे.

प्रश्न : माझी बहीण टेक्सासला एच-4 व्हिसावर आहे, भाऊजी एच-1बी वर. सहा महिन्यांपासून ती वेगळी राहते, घटस्फोटाचा दावा चालू आहे. तिला लगेच परत यावं लागेल का? (देसाईगंज, जि. गडचिरोली)

उत्तर : नाही. नुसतं वेगळं राहिल्याने एच-4 जात नाही. पण तो भाऊजींच्या व्हिसावर टेकलेला आहे, आणि घटस्फोट अंतिम झाला त्याच दिवशी तो आधार संपतो. नोकरी गेलेल्याला मिळते तशी 60 दिवसांची सवलत इथे नाही. ग्रीनकार्डाची रांग भाऊजींच्या नोकरीवर लागली असेल, तर बायको म्हणून असलेली तिची जागाही जाते. शिकायचं असेल तर विद्यार्थी व्हिसा, नोकरी मिळत असेल तर स्वतःचा कामाचा व्हिसा, नाहीतर आवराआवरीपुरता पर्यटक दर्जा, यांपैकी जो जमेल त्यासाठीचा अर्ज निकालाआधी पडायला हवा. छळ झाला असेल तर एच-1बी धारकाच्या पत्नीला वेगळा कामाचा परवाना मागता येतो, पण तोही लग्न टिकून आहे तोवर किंवा मोडल्यावर मर्यादित काळातच. तिच्या वकिलाला आज एवढंच विचारा : अंतिम हुकूमनामा कोणत्या तारखेला अपेक्षित आहे? अर्ज त्या तारखेच्या आत पोचला पाहिजे.