'पेक' आणि 'पेन'

पातळ कागदाचा एक कपटा ओठांसमोर धरा आणि 'पळ' म्हणा. कागद जवळजवळ स्तब्ध राहील. आता 'फळ' म्हणा (खालच्या ओठाला दात न लावता हं!). कागद लगेच फडफडेल. 'प' अल्पप्राण आणि 'फ' महाप्राण, हे व्याकरणात तुम्ही शिकलाच आहात.

आता इंग्रजी 'पेन' घ्या. आपण तो साध्या 'प'ने म्हणतो. लंडनचा किंवा न्यूयॉर्कचा माणूस म्हणतो तेव्हा मात्र कागद हलतो! त्याचा 'प' आपल्या 'फ'कडे झुकलेला असतो. उलट हंगेरियन भाषेतील 'पेक' (म्हणजे पाव भाजणारा) या शब्दाचा 'प' आपल्यासारखाच कोरडा.

हा फरक मोजता येतो. ओठ उघडल्यानंतर कंठातील स्वरतंतू किती वेळाने कंप पावू लागतात, ते पाहायचे. १९६४ साली लिस्कर आणि अब्रॅमसन या अमेरिकन संशोधकांनी ११ भाषांची अशी मोजणी प्रसिद्ध केली. त्यांत हंगेरियन व इंग्रजी होत्या, आणि आपली मराठीही होती! इंग्रजी 'प'ला सरासरी सुमारे ५८ मिलिसेकंद लागले, हंगेरियन 'प'ला अवघे २.

मग ज्याला दोन्ही भाषा येतात त्याचे काय होते? मोठेपणी इंग्रजी शिकलेला हंगेरियन माणूस बहुधा 'पेन'ही कोरड्या 'प'नेच म्हणतो. नवा ध्वनी त्याचा कान जुन्याच कप्प्यात टाकतो. हंगेरियनमध्ये आघात नेहमी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर असतो. तीच सवय इंग्रजीतही डोकावते. आपण हसायला नको, आपलेही 'पेन' तसेच आहे!

पण मिसळ एकाच दिशेने होत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील मॅकीसपोर्ट हे पोलादाच्या कारखान्यांचे गाव होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हंगेरियन मजूर तेथे जाऊन राहिले. त्यांच्या अमेरिकेतच जन्मलेल्या वंशजांची हंगेरियन बोली अभ्यासकांनी तपासली, तेव्हा प, त, क यांच्यामागे इंग्रजीसारखा श्वास आढळला. शब्द घरचाच, उच्चार मात्र शेजारचा.

यात घोटाळा होत नाही का? फारसा नाही. हंगेरियनमध्ये अल्पप्राण-महाप्राण असा भेदच नाही. 'पेक' श्वास सोडून म्हटला तरी अर्थ तोच राहतो. मराठीत मात्र 'पळ' म्हणताना असा श्वास सुटला, तर ऐकणाऱ्याला 'फळ' ऐकू येईल! परदेशात वाढलेले एखादे मावसभावंड सुट्टीत घरी आले, तर कागदाचा तो कपटा जरूर काढा.