‘लूट’ : विलायतेस गेलेलें आपलें क्रियापद

इंग्रजी भाषेंतील प्रत्येक शब्द आपणांस परका, अशी आपली समजूत असते. परंतु वर्तमानपत्रांत वारंवार येणारें ‘टू लूट’ हें क्रियापद आपल्याच घरचें आहे. संस्कृतांत ‘लुण्ट्’ अथवा ‘लुण्ठ्’ म्हणजे हिरावून घेणें, आणि ‘लुण्टाक’ म्हणजे दरोडेखोर. त्याच कुळांतील हिंदी ‘लूटना’ व मराठी ‘लुटणें’ हीं होत. इंग्रजांनीं ‘लूट’ हा शब्द हिंदुस्थानी बोलींतून उचलला. १७८८ सालीं छापलेल्या एका कोशांत तो आढळतो. पुढें १८४१ चें चीनचें युद्ध, क्रिमियाचें युद्ध व १८५७ चा उठाव, एवढ्या अवधींत तो खुद्द विलायतेंतहि रुळला, असें यूल व बर्नेल यांनीं १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशांत नमूद केलें आहे. लढाईबरोबर शब्दहि सीमा ओलांडितात. ‘प्लंडर’ हा इंग्रजी शब्द असाच सतराव्या शतकांतील युद्धांच्या धामधुमींत जर्मन भाषेंतून आला. त्याचें मूळ घरगुती चीजवस्तु व चिंध्या या अर्थाच्या शब्दांत आहे!

१६११ सालचें इंग्रजी पवित्र शास्त्र उघडून पाहा. त्यांत ‘लूट’ कोठेंहि सांपडणार नाहीं. कारण इंग्रजांस तो शब्द तेव्हां ठाऊकच नव्हता. तेथें ‘स्पॉइल’ आहे. यशयाच्या नवव्या अध्यायांत विजयी लोक ती वांटून घेऊन हर्षित होतात. मराठी शास्त्रांत मात्र त्या स्थळीं ‘लूट’ हाच शब्द सहजपणें येतो.

आतां उपयोगाविषयीं. नगर, दुकान, राजवाडा यांपुढें ‘लूट’ हें क्रियापद शोभतें, आणि बहुधा युद्ध, दंगल किंवा भूकंप अशा अंदाधुंदीच्या प्रसंगीं तें योजितात. वाटेंत एका प्रवाशास चोरांनीं गांठलें, तर मराठींत ‘लुटलें’ म्हणावें. इंग्रजींत ‘रॉब’ हेंच योग्य. ‘ल्यूट’ नांवाचें तंतुवाद्य निराळें. त्याचें मूळ अरबी.

शिवाजी महाराजांनीं १६७० सालीं सुरत दुसऱ्यांदा लुटली. परतीच्या वाटेवर, आपल्या निफाडच्या शेजारीं वणी-दिंडोरीच्या रानांत, दाऊदखानाच्या मोगल सैन्याशीं त्यांची लढाई झाली. ‘सुरतेची लूट’ म्हणतांना दोन्ही भाषांचा अर्थ एकच होतो. पण दसऱ्याच्या दिवशीं हाच शब्द सर्वस्वीं पालटतो. आपण आपट्याचीं पानें आणून ‘सोनें लुटतों’ आणि तें वडिलांच्या हातीं देऊन नमस्कार करितों. कौत्साच्या कथेंत गुरुदक्षिणा भागवून उरलेलें सोनें लोकांसाठीं मोकळें सोडिलें होतें. संक्रांतीस तर सुवासिनी स्वतःचेंच वाण ‘लुटतात’, म्हणजे वांटतात! बोरन्हाणांत बाळाच्या डोक्यावरून ओतलेलीं बोरें व चुरमुरे मुलांनीं लुटावे म्हणूनच ओतलेले असतात. एकहि बोर जमिनीवर उरलें, तर आजीबाईंना तें रुचत नाहीं. आनंदहि आपण लुटतोंच.

हा दुसरा अर्थ जहाजावर चढलाच नाहीं. शिपायांनीं जेवढा पाहिला तेवढाच शब्द नेला. ज्या अर्थांत देणाराहि राजी असतो, तो मागें राहिला. म्हणून दसऱ्यावरील इंग्रजी निबंधांत ‘वी लूटेड गोल्ड’ असें लिहिणारा मुलगा परक्या वाचकास दरोड्याची कबुली देत असतो. तेथें ‘एक्स्चेंज्ड’ लिहून पानांचा खुलासा करावा. आनंदाला ‘एन्जॉय’, आणि संक्रांतीच्या वाणाला ‘डिस्ट्रिब्यूट’ किंवा साधें ‘गिव्ह’.