निरोप्या काय पाहून आला?

शास्त्रपाठ : २ शमुवेल १८:१९-३३, प्रेषितांची कृत्ये २४, नहेम्या १ व २

गेल्या महिन्यात रविवारची उपासना आटोपल्यावर आमच्या मंडळीतील एक गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, पोरीला तुम्हीच चार शब्द सांगा. बारावी चांगल्या गुणांनी पास झाली. मी म्हणतो नर्सिंगला जा, नाही तर बँकेची परीक्षा दे. ती म्हणते, मला राजकारणावर लिहिणारी पत्रकार व्हायचंय." मुलगी तेथेच उभी होती. तिने मला सरळच विचारले, "काका, हे काम वाईट आहे का?"

त्या दिवशी मी तिला धड उत्तर दिले नाही. घरी येऊन शास्त्र उघडले, आठवडाभर वाचले, आणि जे मिळाले ते संडे स्कूलच्या मोठ्या वर्गापुढे ठेवले. तेच येथे देत आहे. आपल्या घरांतून मुले शिक्षक झाली, परिचारिका झाल्या, रेल्वेत लागली. वर्तमानपत्रात फार थोडी गेली. आणि सरकारदरबारी कोणाची तरी बाजू मांडणे हासुद्धा पगाराचा व्यवसाय असू शकतो, हे तर पुष्कळांच्या गावीही नाही. म्हणून या वाटेविषयी आपल्याजवळ भीती अधिक व माहिती कमी आहे.

प्रथम अहीमासाकडे पाहू. एफ्राइमाच्या रानात लढाई झाली, अबशालोम मारला गेला, आणि ही वार्ता दावीद राजाला कळवायची होती. सादोकाचा हा मुलगा यवाबाला म्हणाला, मी धावत जातो. यवाबाने त्याला अडवले आणि एका कूशी मनुष्याला पाठवले. तू जे पाहिलेस तेच राजाला सांग, एवढेच त्याला बजावले. तरी अहीमासाचा हट्ट सुटेना. अखेर यवाबाने कंटाळून परवानगी दिली. अहीमास सपाटीच्या वाटेने पळाला व कूशीच्या आधी वेशीपाशी पोहोचला. सर्व कुशल आहे, असे त्याने राजाला सांगितले. राजाने मुलाविषयी विचारले तेव्हा मात्र, मोठी गडबड दिसली पण ती कसली ते कळले नाही, असे म्हणून तो मोकळा झाला. राजाने त्याला बाजूला उभे केले.

शिक्षकांनी येथे विसावे वचन पुन्हा वाचून घ्यावे. राजपुत्र मेला आहे हे यवाबाने त्याला निघण्यापूर्वीच सांगितले होते. म्हणजे गडी अजाण नव्हता. राजाला जे रुचणार नाही ते त्याने वाटेतच गिळले. पुष्कळ पाठांतून अहीमासाला उत्साही तरुणाचा नमुना म्हणून शिकवतात, आणि राजासुद्धा त्याला चांगला माणूस म्हणतो. माझे मत निराळे आहे. चांगला माणूस असणे वेगळे आणि भरवशाचा वार्ताहर असणे वेगळे. हातात बातमी नसता सर्वांच्या पुढे धावणे, आणि ज्याच्यासमोर उभे राहायचे त्याला न आवडणारे लपवणे, हे बातमीदारीचे दोन्ही रोग त्या एकाच तरुणात होते.

हे मी दुसऱ्याला नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. ऑगस्ट २००३ मध्ये खंडव्यातून वेगळा होऊन बऱ्हाणपूर जिल्हा झाला, त्या सुमारास मी एका हिंदी दैनिकाला गावाकडच्या बातम्या पाठवत असे. आम्हांला 'स्ट्रिंगर' म्हणत. पगार नव्हता, छापून येईल त्याचे थोडे पैसे, आणि दिवाळीला, पंधरा ऑगस्टला सरपंच-ठेकेदारांकडून शुभेच्छांच्या जाहिराती आणल्या तर त्यावर कमिशन. ज्याच्याकडून जाहिरात घ्यायची त्याच्या कामातील खोट लिहायची कशी, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही. एके दिवशी चहाच्या टपरीवर ऐकले की अमुक रेशन दुकानदार रॉकेल काळ्या बाजारात विकतो. दुसरा कोणी आधी पाठवील या घाईने मी बातमी पाठवून दिली. ती छापून आली, चौकशी लागली, दुकान दोन महिने बंद राहिले. त्या महिन्यात रॉकेल डेपोतूनच आले नव्हते, असे चौकशीत निघाले. आतल्या पानावर दोन ओळींचा खुलासा आला. मी माफी मागायला गेलो तेव्हा तो गृहस्थ रागावला नाही. इतकेच म्हणाला, "टपरीपासून माझं दुकान पन्नास पावलांवर आहे. येऊन पाहायचं होतंत."

ऐकीव गोष्ट पाहिल्यासारखी सांगण्याची आपल्याला सवयच असते. आमच्या जैनाबादेत तापीकाठी आहुखाना आहे. १६३१ साली बऱ्हाणपुरात मुमताज महल वारली, तिला प्रथम येथे पुरले व पुढे देह आग्र्याला नेला, एवढे इतिहासात आहे. पण पाहुण्याला येथे जे ऐकायला मिळते ते याच्या दसपट, आणि सांगणारा जणू त्या दिवशी तेथे उभा होता!

आता जिने पाहिले होते तिच्याकडे वळू. १८८२ साली पुण्यात हंटर शिक्षण आयोगापुढे पंडिता रमाबाईंची साक्ष झाली. त्यांचे वय तेव्हा २४, नुकतेच वैधव्य आलेले. (त्यांचा बाप्तिस्मा पुढच्या वर्षी, १८८३ मध्ये इंग्लंडात झाला, साक्षीच्या वेळी त्या ख्रिस्ती नव्हत्या. शिक्षकांनी हा घोटाळा करू नये.) मुलींच्या शाळांना स्त्री-शिक्षिका व स्त्री-तपासनीस हव्यात, आणि स्त्रियांना वैद्यकीचे शिक्षण मिळाले पाहिजे, कारण पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा बायका मरण पत्करतात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ही साक्ष मराठीत झाली, आणि हंटरसाहेबांनी तिचे भाषांतर छापवले. १८८५ साली लेडी डफरिन यांच्या नावाने स्त्रियांच्या औषधोपचारासाठी फंड उभा राहिला. त्यामागे अनेकांचे श्रम होते. रमाबाईंच्या साक्षीचाही त्यात वाटा होता असे त्यांचे चरित्रकार मानतात.

एका तरुण विधवेचे आयोगाने इतके का ऐकले? बाई विदुषी होत्या हे खरेच. परंतु त्याहून मोठे कारण मला असे दिसते की आईवडिलांबरोबर आणि नंतर भावाबरोबर त्या हजारो मैल पायी हिंडल्या होत्या, दुष्काळात आईबापांचे मरण पाहिले होते, आणि गावोगावच्या बायकांचे जिणे घरात शिरून पाहिले होते. पन्नास पावलांचे अंतर त्यांनी पायांनी संपवले होते.

वर्तमानपत्राचेही तसेच. 'ज्ञानोदय' १८४२ साली अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनने सुरू केला. धर्मप्रसार हा त्याचा हेतू उघडच होता. तरी १८५५ साली त्याने जोतीराव फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजाच्या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला. संपादकाने तिच्या वतीने लिहिले नाही, तिलाच बोलू दिले. राजकीय पत्रकारितेचे मूळ मी यातच पाहतो. निवडणुकीत कोण जिंकणार याचे तर्क नंतरचे. आपल्या शेजारच्या खंडव्याचे माखनलाल चतुर्वेदी शिक्षकाची नोकरी सोडून संपादक झाले, १९२१ साली तुरुंगात गेले, आणि १९२५ पासून 'कर्मवीर' खंडव्याहून चालवू लागले. भोपाळचे पत्रकारिता विद्यापीठ त्यांच्याच नावाचे आहे.

आता दुसऱ्या कामाकडे येऊ. आमदार, मंत्री, अधिकारी यांना गाठून एखाद्या कायद्याविषयी किंवा धोरणाविषयी आपली बाजू पटवणे, याला लॉबिंग म्हणतात. सभागृहाबाहेरच्या दालनाला लॉबी म्हणतात, त्यावरून हा शब्द आला. कंपन्या, व्यापारी संघ, कामगार संघटना, सेवासंस्था, सर्वांना असे लोक लागतात. शब्द ऐकताच आपल्या मनात पैशांची पेटी येते, आणि त्याला कारणही आहे. प्रेषितांची कृत्ये २४ मध्ये तिर्तुल्ल नावाचा भाड्याचा वक्ता प्रमुख याजकाबरोबर फेलिक्साकडे येतो. आधी सुभेदाराची वारेमाप स्तुती, मग पौलावर आरोप. पौल उत्तरात एक साधी गोष्ट विचारतो : ज्यांनी मला प्रत्यक्ष पाहिले म्हणतात ते आशियातील यहूदी येथे का नाहीत? फेलिक्साचे मन मात्र लाच मिळते का याकडे लागले होते, आणि पौल दोन वर्षे कैदेत राहिला.

तिर्तुल्ल निदान उघडपणे कोणाचा तरी वकील होता. आपल्याकडे तेही दिसत नाही. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने लॉबिंग करणाऱ्याला नाव नोंदवून, कोणासाठी व किती पैशांत काम करतो ते जाहीर करावे लागते. २०१२ साली वॉलमार्ट कंपनीच्या अशाच विवरणांत भारताच्या बाजारपेठेचा उल्लेख निघाला तेव्हा आपल्या संसदेत गदारोळ झाला. म्हणजे आपल्या घरची गोष्ट आपल्याला परक्यांच्या वहीतून कळली. भारतात अशी नोंदवही नाही. २००९ च्या निवडणुकांत पैसे घेऊन उमेदवारांच्या स्तुतीच्या बातम्या छापल्याचा बोभाटा झाला. प्रेस कौन्सिलने दोघांची उपसमिती नेमली, पण तिचा सविस्तर अहवाल दडूनच राहिला. माहितीच्या अधिकाराखाली प्रकरण केंद्रीय माहिती आयोगाकडे गेले, तेव्हा कोठे २०११ मध्ये तो लोकांपुढे आला. वर्तमानपत्रांचे दोष झाकलेले राहू नयेत म्हणूनही कोणा नागरिकाला अर्ज करावा लागतो, हे त्या मुलीला मी मुद्दाम सांगितले.

याच्या उलट नहेम्या पाहा. प्रथम तो यरुशलेमेहून आलेल्यांना तपशीलवार विचारतो. किसलेव महिन्यापासून नीसानपर्यंत, सुमारे चार महिने, उपवास व प्रार्थना करतो. आणि राजा विचारतो तेव्हा त्याचे उत्तर तयार असते : किती दिवस लागतील, कोणत्या सुभेदारांच्या नावे पत्रे हवीत, आणि लाकडांसाठी राजाच्या वनाचा रक्षक आसाफ याला हुकूम हवा. यरुशलेमेत पोहोचल्यावर रात्री स्वतः फिरून पडलेला तट पाहतो, आणि मगच लोकांशी बोलतो. त्याची प्रार्थना आपण पुष्कळदा शिकवतो, पण आसाफाचे नाव त्याने आधी शोधून ठेवले होते हे वर्गात सांगत नाही.

आपल्याच समाजाचे उदाहरण घ्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या राहिल्या. १९५६ साली शिखांना व १९९० साली बौद्धांना त्यांत घेतले. दलित ख्रिस्ती बाहेरच आहेत. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने ही धर्माची अट काढावी असे सुचवले. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण आहे, आणि २०२२ साली माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला गेला. या मागणीच्या बाजूने वा विरुद्ध काय म्हणावे हा येथील विषय नाही. पण मी स्वतः दोन शिष्टमंडळांत गेलो आहे. निवेदन दिले, फोटो काढला, चहा घेतला, परत आलो. आमच्या तालुक्यातील किती कुटुंबे, किती मुले शाळेतून गळाली, असे एका अधिकाऱ्याने विचारले तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो.

हे आकडे जमवून योग्य टेबलावर ठेवणे, हेच त्या व्यवसायातील प्रामाणिक काम. २०१४ च्या केंद्राच्या धोरणाप्रमाणे कायद्याचा मसुदा निदान तीस दिवस लोकांच्या सूचनांसाठी ठेवायचा असतो. संसदेच्या समित्याही विधेयकांवर नागरिकांची निवेदने मागवतात. वाचून उत्तर पाठवणारे आपल्यात किती? पदवीधर तरुणांना एक वर्ष खासदाराच्या हाताखाली विधेयकांच्या अभ्यासाचे काम देणारी लॅम्प नावाची शिष्यवृत्ती दिल्लीच्या पी.आर.एस. संस्थेने २०१० पासून चालवली आहे. पत्रकारितेसाठी भोपाळ आहेच. पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट आणि दिल्लीची १९६५ ची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मास कम्युनिकेशनही आहे. आपल्या सीमेवरच्या मुलांजवळ घरची मराठी, बाजारची हिंदी, कानावरची निमाडी व उर्दू असते. इंग्रजी नीट केली तर या कामात हे मोठे भांडवल आहे. वडिलांना मी हेही सांगितले की सुरुवातीचा पगार बँकेपेक्षा कमी असेल, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी तर पगारही असेलच असे नाही. हे लपवून मुलीला पाठवू नये.

वर्गात हा पाठ घेताना मुलांना नुसते प्रश्न विचारू नयेत, एक काम द्यावे. आठवड्यातील एक बातमी निवडावी आणि तिच्याखाली दोनच गोष्टी लिहाव्यात : लिहिणाऱ्याने स्वतः काय पाहिले, आणि त्याला कोणी पाठवले. आमच्या वर्गात नऊ मुलांपैकी सहांना दुसऱ्याचे उत्तर सापडले नाही.

त्या मुलीला मी आणखी एक काम दिले. त्यांच्या गल्लीतील हातपंप तीन वेळा दुरुस्त झाला असे पंचायतीच्या कागदावर आहे, असे लोक म्हणतात. ती आधी पंपावर जाऊन आली, शेजारच्या अकरा घरी विचारून आली, आणि मग दहा रुपये भरून माहितीच्या अधिकाराचा अर्ज हिंदीत लिहिला. वडील सोबत गेले होते. उत्तरासाठी कायद्याने तीस दिवसांची मुदत आहे. आज अठरावा दिवस.